मानवी हक्कांच्या तीन रकान्यांबद्दल अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या राज्यशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

विषय : पदवी अभ्यासक्रमातील ‘मानवी हक्कांचे प्रकार’ हा घटक.

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सध्या सगळीकडे अभ्यासक्रमांची मोडणी-जोडणी चालू आहे. श्रेयांक वाढताहेत, घटताहेत, जुन्या पेपरांना नवी नावं मिळताहेत. या धामधुमीत ‘मानवी हक्कांचे प्रकार’ हा घटक मात्र कुणाच्या डोळ्यांत खुपलेला दिसत नाही. एका मसुद्यातून दुसऱ्या मसुद्यात तो स्वल्पविरामासकट उतरतो आहे. पत्र खुलं अशासाठी, की हे गाऱ्हाणं एखाद्या विद्यापीठाविरुद्ध नाही. गाईडं लिहिणारे, नेट-सेटचे क्लास घेणारे, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स विकणारे, सगळेच तो एक तक्ता वापरतात.

तक्ता तुम्हाला पाठ असेल. पहिली पिढी : नागरी आणि राजकीय हक्क. दुसरी पिढी : आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क. तिसरी पिढी : सामूहिक हक्क, म्हणजे विकास, पर्यावरण, शांतता. पहिल्याच्या खाली ‘नकारात्मक’, दुसऱ्याच्या खाली ‘सकारात्मक’, तिसऱ्याच्या खाली ‘एकजुटीचे’. परीक्षेत यावर पाच गुणांची टीप येते, नाहीतर जोड्या लावा.

मुलं तो तक्ता चांगला पाठ करतात, तक्रार ती नाही. तक्रार आहे ती पाठांतरानंतर त्यांच्या डोक्यात जे उरतं त्याबद्दल. उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य हमखास भेटतं : ‘पहिल्या पिढीचे हक्क सर्वांत महत्त्वाचे असून ते मिळाल्यानंतर दुसऱ्या पिढीचे हक्क मिळतात.’ हे आपण कुठेच लिहिलेलं नाही, पण पिढी म्हटल्यावर आजोबा आधी आणि नातू नंतर हे ओघानं आलंच. आजोबांना मान अधिक, हेही आलं. मत हा खरा हक्क, भाकरी ही सरकारची मर्जी आणि हवा-पाणी ही भाषणातली गोष्ट, असा अर्थ घेऊन मूल पदवी घेतं. त्यातलंच एखादं उद्या तहसील कार्यालयात नोकरीला लागतं.

प्रकार शिकवूच नका, असं मी म्हणत नाही. प्रकार लागतात. पण ते शिकवायचे ते कोणता हक्क घेऊन कोणत्या दारात जायचं हे कळावं म्हणून. कोणता हक्क मोठा आणि कोणता धाकटा हे त्यातून सांगायचं नसतं.

आधी तक्त्याचं मूळ पाहू, कारण पाठ्यपुस्तकांत ते बहुधा सापडत नाही. तीन पिढ्यांची ही मांडणी कारेल वासाक या चेक-फ्रेंच कायदेपंडितानं १९७७ मध्ये युनेस्कोच्या मासिकातल्या एका लेखात केली. स्वातंत्र्य, समता, बंधुता या फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्रयीवर त्यानं तीन पिढ्या बसवल्या. सुटसुटीत कल्पना होती, लक्षात राहणारी होती, म्हणून जगभर पसरली. विकास, शांतता, पर्यावरण या नव्या मागण्यांना चर्चेत जागा मिळावी हा त्याचा हेतू होता. एका लेखातली ही सोय आपण इतिहास म्हणून शिकवतो.

इतिहास वेगळाच आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूनं ४८ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. त्या तीस कलमांत छळापासून मुक्तता आहे, मत आहे, तसंच काम आहे, विश्रांती आहे, शिक्षण आहे. सगळं एकाच यादीत. पिढ्या नाहीत, रकाने नाहीत. १९५० मध्ये आमसभेनं पुढचा करारही एकच असावा असं ठरवलं होतं. फेब्रुवारी १९५२ मध्ये निर्णय फिरला आणि एकाचे दोन करार झाले, एक नागरी-राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा. शीतयुद्धाचे दिवस होते. पाश्चात्त्य देशांना न्यायालयात टिकतील असे नागरी-राजकीय हक्क हवे होते, सोव्हिएत गटाला आर्थिक-सामाजिक हक्क त्याच कागदावर हवे होते.

वेगळे करार करा असा आग्रह धरणाऱ्यांत अमेरिका, बेल्जियम आणि लेबनॉन यांच्याबरोबर भारतही होता, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला काम आणि अन्न यांची हमी न्यायालयाच्या हाती द्यायची धास्ती होती. ती समजण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात आपल्या वतीनं हंसा मेहता होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाला हक्कांच्या अंमलबजावणीवर जो कार्यगट बसला त्याच्या त्या प्रमुख होत्या. हक्क नुसता लिहून भागत नाही, तो मागायचा कुठे, या प्रश्नावर या बाई जगाच्या पातळीवर काम करत होत्या. आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव आलंच तर एका ओळीत येतं.

दोन्ही करार १६ डिसेंबर १९६६ रोजी एकाच दिवशी मंजूर झाले आणि १९७६ मध्ये तीन महिन्यांच्या आत अमलात आले. मग पहिली पिढी कोणती आणि दुसरी कोणती? दोन्ही करारांचं पहिलं कलम अक्षरशः एकच आहे : लोकसमूहांचा स्वयंनिर्णयाचा हक्क. तक्त्याच्या हिशेबानं हा ‘तिसऱ्या पिढीचा’, सामूहिक हक्क, आणि तो दोन्ही करारांच्या उंबरठ्यावरच उभा आहे. कामगार संघटना स्थापण्याचा हक्क नागरी करारात बाविसाव्या कलमात आहे आणि आर्थिक करारात आठव्या. मालमत्तेचा हक्क, म्हणजे ‘पहिल्या पिढीचा’ मूळपुरुष, १९४८ च्या जाहीरनाम्यात आहे, पण दोन्ही करारांत नाही. आपल्याकडेही ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो १९७८ मध्ये मूलभूत हक्कांतून बाहेर काढला. पिढीजात मोठेपणाचं असं होतं.

अमेरिकेनं नागरी करार १९९२ मध्ये स्वीकारला, आर्थिक करारावर १९७७ मध्ये सही केली ती अजून सहीच आहे. चीननं नेमकं उलट केलं : आर्थिक करार २००१ मध्ये स्वीकारला, नागरी करारावर १९९८ पासून नुसती सही. दोन महासत्तांनी आपापल्या सोयीचा रकाना उचलला. भारतानं दोन्ही करार १० एप्रिल १९७९ रोजी एकदम स्वीकारले. ज्या देशानं दोन्ही एकत्र स्वीकारले त्या देशातल्या मुलांना आपण ते सुटे सुटे करून देतो.

आता महाडकडे येतो. खरं तर हा घटक तिथूनच सुरू व्हायला हवा.

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला : सरकारी खर्चानं बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं. कोर्टकचेरी चालली ती १९३७ पर्यंत. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं सवर्णांचं अपील फेटाळलं.

सांगा, चवदार तळ्याचं पाणी कोणत्या पिढीचं? सार्वजनिक जागी समान प्रवेश म्हटलं तर पहिली. पिण्याचं पाणी म्हटलं तर दुसरी, आणि आंतरराष्ट्रीय हिशेबात तीही फार उशिराची, कारण पाण्याचा हक्क आमसभेनं स्पष्ट शब्दांत मान्य केला तो २०१० मध्ये. एका अख्ख्या समाजानं एकत्र येऊन मागितलेला हक्क म्हटलं तर तिसरी. ओंजळ एकच होती. १९२७ च्याच डिसेंबरमध्ये महाडलाच दुसरी परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. वासाकच्या पन्नास वर्षं आधी, कोकणातल्या एका गावात, स्वातंत्र्य-समता-बंधुता तिन्ही मिळून एका तळ्याच्या काठावर उतरली होती.

हा धागा पुढे संविधानात गेला. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घेऊन उल्लेख आहे. सतराव्या कलमात अस्पृश्यता, तेविसाव्यात वेठबिगारी, चोविसाव्यात बालमजुरी. ही कलमं नुसत्या सरकारविरुद्ध नाहीत, शेजाऱ्याविरुद्ध, मालकाविरुद्धही आहेत. ‘पहिल्या पिढीचे हक्क म्हणजे राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपापासून संरक्षण’ हे गाईडातलं वाक्य आपल्या देशात निम्मंच लागू पडतं. इथे हक्काच्या आड पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा गावच.

संविधानाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाचं काय, असं तुम्ही म्हणाल. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं ही विभागणी संविधानकारांनीच केली आहे. केली आहे खरी. पण सदतिसाव्या कलमात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत : ही तत्त्वं न्यायालयात बजावता येणार नाहीत आणि तरीही ती देशाच्या कारभारात मूलभूत आहेत. पहिलं अर्ध वाक्य परीक्षेत येतं, दुसरं येत नाही. बाबासाहेबांचं स्वतःचं १९४७ चं निवेदन पाहिलं, तर आर्थिक रचनेची हमी संविधानातच असावी असं त्यांना वाटत होतं. ते झालं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा दिला, तो हाच तक्ता समोर दिसत असल्यासारखा.

पुढे न्यायालयांनी भिंतीला खिंडारं पाडली. त्यातलं सगळ्यात मोठं मुंबईच्या फुटपाथवरचं. जुलै १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायची घोषणा केली. भर पावसाळ्यात. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि इतर काही जण न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं, की उपजीविका काढून घेणं हा माणसाचं जगणंच काढून घेण्याचा सोपा मार्ग आहे, म्हणून जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. एकविसावं कलम आणि एकोणचाळिसावं कलम, पहिला रकाना आणि दुसरा, एकमेकांत मिसळले. पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. प्रत्यक्षात त्याच निकालानं फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, थांबायला सांगितलं. हक्क मिळाला, जागा गेली. मुलांना हे दोन्ही सांगितलं पाहिजे. (जाता जाता : आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयाचं दार बंद राहील असं १९७६ मध्ये म्हणणाऱ्या बहुमतात हेच न्यायमूर्ती होते. माणसंसुद्धा रकान्यांत बसत नाहीत.)

फुटपाथच्या निकालाच्या तीन वर्षं आधी, १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे तेविसाव्या कलमातली वेठ. मजुरी किती द्यायची हा आर्थिक प्रश्न आणि गुलामीपासून सुटका हा नागरी हक्क. त्या निकालानं दोन्हींना एकच नाव दिलं. हा खटला आपल्या अभ्यासक्रमात असायला हवा. आमच्या जिल्ह्यात तर तो पहिल्या तासाला शिकवायला हवा.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल.

दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला परिपत्रक येतं : १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन साजरा करावा, अहवाल छायाचित्रांसह पाठवावा. आम्ही फलक लावतो, पाहुणे बोलावतो, फोटो काढतो. फोटोत पुढच्या रांगा भरलेल्या दिसाव्यात म्हणून अकरावी-बारावीची मुलं आणून बसवतो, कारण माझ्या वर्गाचा मोठा भाग त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात तोडणीला असतो. दिवाळी आटोपली की ट्रॅक्टर, ट्रक भरतात. काही मुलं आईबापांबरोबर मोळ्या बांधायला जातात, काही घरी राहून म्हातारी माणसं आणि जनावरं सांभाळतात.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसांना हिशेबात एक धरण्याची ही रीत आहे. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, पावसाळ्यात उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती कोयत्यावर देतो, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हातात. तोडलेल्या टनावर ती फिटायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. मी वर्गात मुलांना एक काम देतो : घरातल्या गेल्या हंगामाचा हिशेब एका पानावर लिहून आणा. उचल किती, टन किती, खाडे किती, वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे कुणी घेतले, अंगावर किती राहिले. मुलं अचूक लिहितात. ‘मोबदल्याची व्याख्या लिहा’ यावर अडखळणारी मुलगी आईचे खाडे तारखेनिशी लिहिते.

त्या एका पानावर तिन्ही रकाने असतात. अंगावर राहिलेली उचल माणसाला बांधून ठेवत असेल, तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची बाब, तेविसावं कलम, पहिला रकाना. मजुरी आणि विश्रांती, दुसरा. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, नळ नाही, आडोसा नाही, आरोग्य म्हणून पुन्हा दुसरा, आणि प्रतिष्ठा म्हणून पहिला. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती, ऐन गाळप सुरू होण्याच्या तोंडावर. फडावर पोचलेल्या माणसाला मत द्यायचं तर खाडा घालून, स्वतःच्या खर्चानं गावी यायचं. मताचा हक्क तिथे दिवसाच्या मजुरीइतक्या किमतीचा होतो. ‘पहिल्या पिढीचा’ हा हक्क ‘दुसऱ्या पिढीच्या’ हक्कावाचून वापरताच येत नाही, हे आमच्या मुलांना पुस्तकातून कळायची गरज नाही. पुस्तकानं फक्त त्याला नाव द्यायचं होतं.

आणि गर्भपिशव्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दुखणं वारंवार उपटू नये, कर्करोग होईल अशी घातलेली भीती, खासगी दवाखान्यांची कमाई, अशी अनेक कारणं चर्चेत आली. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया, मावश्या या आकड्यात आहेत. यातला कोणता हक्क मोडला? आरोग्याचा? समजून-उमजून दिलेल्या संमतीचा? स्वतःच्या शरीरावरच्या अधिकाराचा? बाई म्हणून समान वागणुकीचा? कामाच्या ठिकाणच्या माणुसकीच्या परिस्थितीचा? जोड्या लावा म्हटलं, तर डाव्या बाजूला एकच बाई आणि उजव्या बाजूला सगळा तक्ता.

‘नकारात्मक’ आणि ‘सकारात्मक’ हक्कांबद्दल फार लिहीत नाही. सरकारनं हात आखडला की नागरी हक्क फुकटात मिळतात आणि आर्थिक हक्कांना मात्र पैसा लागतो, ही समजूत निवडणुकीचा, न्यायालयांचा, तुरुंगांचा खर्च पाहिला की गळून पडते. उलट बाजूचं उदाहरण तुमच्या-माझ्या पगारपत्रकात आहे. दरमहा दोनशे रुपये कापले जातात तो व्यवसाय कर महाराष्ट्रानं १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांची ती योजना. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. ‘दुसऱ्या पिढीचा’, ‘अस्पष्ट’, ‘न्यायालयात न टिकणारा’ म्हणून पुस्तकात ज्याची बोळवण केली जाते तो कामाचा हक्क या राज्यानं केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या कितीतरी आधी कायद्यात बसवला आणि शहरातल्या पगारदारांकडून त्याचे पैसेही घेतले. अंमलबजावणीतल्या खाबूगिरीबद्दल वेगळं पत्र लिहिता येईल. पण हक्काला कायद्याचं दार बसवता येतं, ते बसवणारे आपलेच लोक होते, हे मराठी मुलांना ठाऊक नसावं याला काय म्हणावं?

तिसऱ्या रकान्याची तर पुस्तकांत दयाच केली जाते. ‘हे हक्क अद्याप विकसनशील अवस्थेत आहेत.’ गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात जाऊन हे वाक्य वाचून दाखवा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोही देशातल्या अगदी पहिल्या गावांत. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. त्या गावचा सामूहिक हक्क म्हणजे परवान्याचं पुस्तक, त्यावरची सही आणि बांबूचे आलेले पैसे. माझ्या मते तो आमच्या ऊसतोड माणसाच्या मताच्या हक्कापेक्षा आज जास्त भरीव आहे.

मग कोणते प्रकार शिकवावेत? जे माणसाच्या उपयोगी पडतील ते. आणीबाणीतही ज्यांना हात लावता येत नाही असे हक्क कोणते, हा एक. नागरी कराराच्या चौथ्या कलमात त्यांची यादी आहे. आपल्याकडे ४४ व्या दुरुस्तीनंतर विसावं आणि एकविसावं कलम स्थगित करता येत नाही. आधी का करता येत होतं आणि १९७६ मध्ये त्याचं काय झालं, ही पूर्ण तासाची गोष्ट आहे. दुसरा भेद तात्काळ द्यायचे हक्क आणि टप्प्याटप्प्यानं पुरे करायचे हक्क यांच्यातला. पण त्याबरोबर हेही सांगायला हवं, की टप्प्याटप्प्यानं याचा अर्थ सवडीनं असा नाही. आर्थिक कराराच्या समितीनं १९९० मध्ये स्पष्ट केलं आहे, की किमान पातळी आणि भेदभाव न करणं हे पहिल्या दिवसापासून बंधनकारक आहे. तिसरं, एकाच हक्कातली सरकारची वेगवेगळी कामं : स्वतः मोडू नये, दुसऱ्याला मोडू देऊ नये, मिळण्याची सोय करावी. हे तीन प्रश्न मुकादमाच्या हिशेबाला लावून पाहा, कामगार खातं कुठे कमी पडलं ते लगेच दिसतं.

आणि सगळ्यांत गरजेचं, १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातली व्याख्या. आपल्या देशात ‘मानवी हक्क’ म्हणजे कायद्यानं काय, ते तिथे लिहिलं आहे : जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी निगडित, संविधानानं हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले, आणि भारतातल्या न्यायालयांना बजावता येण्याजोगे. करारांत दोन्ही करार येतात. पण शेवटची अट सगळ्यात जड. करारात आहे पण आपल्या न्यायालयात बजावता येत नाही, तर याच कायद्यानं नेमलेल्या मानवी हक्क आयोगाचं दार अर्धंच उघडं. घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. ही माहिती असलेली मुलगी आपल्या आईचा अर्ज कुठे, कधी आणि कशाच्या आधारे करायचा ते ठरवू शकते. तक्ता पाठ असलेली मुलगी फक्त जोड्या लावू शकते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ‘पिढ्या’ हा शब्द ठेवायचाच असेल तर वासाकचं नाव आणि साल यांच्यासह ठेवा, एक मत म्हणून ठेवा. त्याच पानावर १९९३ च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यातलं, सगळे हक्क अविभाज्य आणि परस्परावलंबी असल्याचं विधानही येऊ द्या. महाड, फुटपाथचा खटला, आशियाई खेळांचा खटला, रोजगार हमी आणि मेंढा-लेखा या पाच गोष्टी सक्तीच्या करा. विदर्भात, कोकणात, मुंबईत शिकवणाऱ्यांना आपल्या भागातलं एखादं प्रकरण त्यात घालायची मुभा द्या. आणि परीक्षेतून जोड्या लावा काढून टाका. त्याऐवजी अर्ध्या पानाची घटना द्या आणि विचारा : या माणसानं कुठे जावं, काय मागावं, नकार मिळाला तर पुढे काय? उत्तरपत्रिका तपासायला वेळ जास्त लागेल हे मला माहीत आहे. त्या मीच तपासतो.

सोबत मुलांनी लिहिलेली हिशेबाची काही पानं जोडली आहेत. नावं, गावं आणि कारखान्यांचे उल्लेख काढून टाकले आहेत. मंडळानं चर्चेला बोलावलं तर मी येईनच, पण माझ्यापेक्षा ज्यांनी ती पानं लिहिली त्यांच्यापैकी दोघा-तिघांना बोलावलंत तर बरं. त्यासाठी बैठक जून ते सप्टेंबर या काळात ठेवावी, ही विनंती. त्यानंतर ती मुलं जिल्ह्यात नसतात.

आपला,
राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक,
बीड जिल्हा